ली-एनफील्ड रायफलींवरील निर्माताखुणा

ली-एनफील्ड रायफलींवरील निर्माताखुणा म्हणजे .३०३ इंच बोअरच्या ली-एनफील्ड जातीच्या रायफलींची बॉडी, बोल्ट, नळी, लाकडी दस्ता आणि लहानमोठे सुटे भाग यांवर ठोकलेली अक्षरे, आकडे व चिन्हे होत. एकाच नमुन्याची ही रायफल इंग्लंड, भारत, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिका या पाच देशांतील वेगवेगळ्या कारखान्यांत तयार झाली. तिचे बहुतेक भाग एकमेकांच्या जागी बसत असल्यामुळे दीर्घकाळ वापरात राहिलेल्या रायफलीत अनेक कारखान्यांचे भाग एकत्र आलेले आढळतात. म्हणून बॉडीवरील नाव हे बॉडीच्या निर्मात्याचे नाव असते. संपूर्ण रायफलीचा इतिहास कळण्यासाठी प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासावा लागतो. संग्रहालयातील नोंदी, संग्राहकांचे व्यवहार, शस्त्रपरवान्यावरील तपशील आणि वापरणाऱ्याची सुरक्षितता या चारही बाबी या तपासणीवर अवलंबून असतात.

या खुणा धातूवर व लाकडावर रोमन अक्षरांत असतात. प्रस्तुत लेखात त्या उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत.

पार्श्वभूमी

या रायफलीचे नाव दोन गोष्टींवरून पडले आहे. 'ली' हे बोल्ट व मॅगझीनची रचना करणाऱ्या जेम्स पॅरिस ली यांचे आडनाव, तर 'एनफील्ड' हे उत्तर लंडनमधील सरकारी शस्त्र कारखान्याचे ठिकाण. १८८८च्या ली-मेटफर्ड रायफलीच्या नळीतील उथळ आटे कॉर्डाइट या धूररहित दारूच्या उष्णतेने लवकर झिजत. त्यामुळे एनफील्ड येथे खोल अशा पाच आट्यांची नळी तयार करण्यात आली आणि १८९५मध्ये ली-एनफील्ड रायफल ब्रिटिश सैन्याने स्वीकारली. पुढे पायदळ व घोडदळ या दोघांनाही चालेल अशी आखूड आवृत्ती निघाली. तिची नळी सुमारे ६४ सेंमी लांब असून मॅगझीनमध्ये १० काडतुसे बसतात. १९०७मध्ये आलेला 'मार्क ३' हा या आखूड रायफलीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना होय. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढविण्यासाठी त्यातील काही भाग गाळण्यात आले आणि 'मार्क ३ तारांकित' हा नमुना रूढ झाला. १९२६मध्ये नामकरणाची पद्धत बदलली, तेव्हा या रायफलीला 'नंबर १' हे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धातील सुधारित रायफल 'नंबर ४' या नावाने ओळखली जाते.

महाराष्ट्राचा या रायफलीशी संबंध दीर्घकालीन आहे. पहिल्या महायुद्धात कूत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. मराठा पलटणींतील भरतीत रत्नागिरी जिल्ह्यासह कोकणाचा वाटा मोठा होता. स्वातंत्र्यानंतर सैन्यातून ही रायफल टप्प्याटप्प्याने मागे पडली, तरी पोलीस दलात ती पुढे अनेक दशके टिकली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्ला झाला, तेव्हा तेथील काही पोलिसांच्या हाती .३०३ रायफलीच होत्या. त्यानंतर पोलिसांची शस्त्रे बदलण्याच्या कामाला गती आली. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२०च्या संचलनात या रायफलीला औपचारिक निरोप दिला.

खुणा कोठे आढळतात

नंबर १ रायफलीची मुख्य खूण दस्ता जेथे बॉडीत बसतो त्या धातूच्या कोंदणावर, म्हणजे बट सॉकेटच्या उजव्या बाजूवर असते. तेथे वरून खाली राजमुकुट, राजाची आद्याक्षरे, निर्मात्याचे नाव, वर्ष आणि नमुन्याचा क्रमांक असा क्रम आढळतो. 'ई.आर.' ही सातव्या एडवर्डची (१९०१–१९१०) अक्षरे होत, तर 'जी.आर.' ही पाचव्या व नंतर सहाव्या जॉर्जची. या दोन जॉर्ज राजांतील फरक अक्षरांवरून कळत नाही; त्यासाठी खालचे वर्ष पाहावे लागते. नंबर ४ रायफलीवर निर्मात्याची खूण बॉडीच्या किंवा बट सॉकेटच्या डाव्या बाजूस शोधावी.

रायफलीचा अनुक्रमांक पुढील ठिकाणी पुन्हा पुन्हा ठोकलेला असतो.

• बॉडीवर
• नळीच्या मागील टोकाजवळ
• बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी
• मागच्या नेमपट्टीच्या खालच्या अंगास
• संगीन अडकविण्याच्या पुढील टोपणावर, म्हणजे नोजकॅपवर
• पुढच्या लाकडाच्या तळाशी

शेवटचे तीन क्रमांक प्रामुख्याने नंबर १ रायफलीवर आढळतात. सर्व ठिकाणचे क्रमांक एकच असतील तर रायफल 'जुळत्या क्रमांकाची' समजली जाते. स्क्रू, स्प्रिंग, चाप, मॅगझीनचा खटका अशा लहान भागांवर बहुधा क्रमांक नसतो. तेथे केवळ निर्मात्याचे अक्षर आणि तपासनिसाचा शिक्का असतो. तपासनिसाच्या शिक्क्यात मुकुट, आकडा व एखादे अक्षर असते. तो शिक्का भाग तपासून स्वीकारल्याचा आहे. त्याला अनुक्रमांक समजण्याची चूक नवशिके अनेकदा करतात.

नंबर १ रायफलीचे निर्माते

एनफील्ड: सरकारी कारखाना. बट सॉकेटवर 'एनफील्ड' हे पूर्ण नाव असते.

बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स: 'बी.एस.ए. कं.' अशी खूण. पहिल्या महायुद्धातील सर्वांत मोठा खासगी निर्माता.

लंडन स्मॉल आर्म्स: 'एल.एस.ए. कं. लि.' अशी खूण. लंडनच्या बो भागातील या कारखान्याचे उत्पादन वरील दोहोंपेक्षा बरेच कमी असल्याने संग्राहकांत या रायफलींना अधिक मान आहे.

स्टँडर्ड स्मॉल आर्म्स: 'एस.एस.ए.' ही खूण. पहिल्या महायुद्धात सुट्या भागांचे काम अनेक कारखान्यांत वाटून देण्यात आले, त्या योजनेशी हे नाव जोडलेले आहे. युद्धाच्या अखेरीस हा कारखाना सरकारने ताब्यात घेतल्यावर 'एन.आर.एफ.' ही खूण आली. दोन्ही खुणा दुर्मीळ आहेत.

लिथगो: ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतातील सरकारी कारखाना. 'लिथगो' हे नाव किंवा 'एम.ए.' ही अक्षरे असतात. दुसऱ्या महायुद्धात आसपासच्या गावांत पूरक कारखाने निघाले, त्यांतील 'बी.ए.' ही खूण बॅथर्स्टची व 'ओ.ए.' ही ऑरेंजची आहे. लाकडावर 'स्लॅझ' अशी खूण असल्यास ते लाकूड टेनिसच्या रॅकेटींसाठी प्रसिद्ध असलेल्या स्लॅझेंजर कंपनीने घडविलेले असते.

इशापूर: बंगालमधील हुगळीकाठचा कारखाना. या ठिकाणी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून दारूचा कारखाना होता. त्याच जागी १९०४पासून रायफल कारखाना उभा राहिला. त्याची माहिती पुढे स्वतंत्रपणे दिली आहे.

लाकडावरूनही अंदाज बांधता येतो. इंग्लंडमध्ये अक्रोडाचे लाकूड प्रामुख्याने वापरीत. दुसऱ्या महायुद्धात तुटवडा झाल्यावर बीच व बर्च आले. लिथगोने क्वीन्सलँड मेपल व कोचवुड ही स्थानिक लाकडे वापरली. ती मऊ असल्याने दणक्याने दबू नयेत म्हणून पुढच्या लाकडात आतून तांब्याच्या पट्ट्या बसविल्या जात. अशी पट्टी दिसली तर लाकूड लिथगोचे असण्याची शक्यता दाट असते, मग बॉडीवर कोणतेही नाव असो.

मार्क ३ व मार्क ३ तारांकित यांतील फरक

मूळ मार्क ३ रायफलीत मॅगझीनमधील काडतुसे राखून एकेक काडतूस हाताने भरता यावे म्हणून एक सरकती पट्टी, म्हणजे कटऑफ असे. दूरवर सामुदायिक मारा करण्यासाठी डाव्या बाजूस स्वतंत्र नेमयंत्रही असे. मार्क ३ तारांकित नमुन्यात ही दोन्ही गाळली गेली. मागच्या नेमपट्टीची आडवी सरकण्याची सोयही काढण्यात आली. बोल्टच्या मागील टोकाला असलेला गोल, दाणेदार गोटा जाऊन तेथे चपटा, खाचा असलेला तुकडा आला. कटऑफ नसलेल्या बॉडीवर जुना गोल गोटा किंवा तारांकित बॉडीवर जुनी नेमपट्टी दिसली, तर दुरुस्तीत भाग बदलल्याचा संशय घ्यावा. तथापि, स्थित्यंतराच्या काळात कारखान्यांनी शिल्लक भागही वापरले. त्यामुळे केवळ एका भागावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

नंबर ४ रायफलीचे निर्माते

नंबर ४ रायफल इंग्लंडमध्ये फॅझाकर्ली, मॉल्टबी आणि बी.एस.ए.चा शर्ली येथील कारखाना अशा तीन ठिकाणी मोठ्या प्रमाणावर झाली. फॅझाकर्लीच्या भागांवर 'एफ' किंवा 'एफ.वाय.' आणि मॉल्टबीच्या भागांवर 'एम' ही अक्षरे आढळतात. शर्लीची खूण 'एम ४७ सी' अशी आहे. युद्धकाळात शत्रूला कारखान्याचे ठिकाण कळू नये म्हणून नावाऐवजी सांकेतिक क्रमांक देण्यात आले. त्यातील पहिले अक्षर विभागदर्शक असे: 'एन' म्हणजे उत्तर, 'एम' म्हणजे मध्य आणि 'एस' म्हणजे दक्षिण इंग्लंड. त्यामुळे एकट्या 'एम' अक्षराचा अर्थ मॉल्टबी, तर आकड्याला जोडून आलेल्या 'एम'चा अर्थ मध्य विभाग असा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

अटलांटिकपलीकडे दोन निर्माते होते. कॅनडातील टोरांटोजवळच्या लाँग ब्रँच कारखान्याच्या भागांवर 'एल' व 'बी' ही अक्षरे जोडून आढळतात आणि अनुक्रमांकात 'एल' हे अक्षर असते. अमेरिकेतील सॅव्हेज कंपनीच्या भागांवर कोनदार वळणाचे 'एस' असते. तिच्या अनुक्रमांकातील 'सी' हे अक्षर चिकोपी फॉल्स या गावाचे निदर्शक आहे, आणि बॉडीवर 'यू.एस. प्रॉपर्टी' अशी अक्षरे असतात. या दोन्ही कारखान्यांनी प्रामुख्याने 'मार्क १ तारांकित' नमुना बनविला. त्यात बोल्ट बाहेर काढण्यासाठीचा खटका नसतो. त्याऐवजी बोल्ट ज्या पट्टीवर सरकतो तिच्यात एक खाच असते. इंग्लंडमध्ये बनलेल्या मार्क १ नमुन्यात खटका असतो. बॉडीवरचे नाव रंगाखाली बुजले असले तरी या फरकावरून इंग्लंडची बॉडी व अटलांटिकपलीकडची बॉडी यांतील भेद करता येतो.

१९४९मध्ये आलेल्या मार्क २ नमुन्यात चाप थेट बॉडीला टांगलेला असतो. त्यापूर्वी तो चापाच्या कडीला जोडलेला असे. नंबर ४ रायफल इशापूर येथे बनली नाही.

इशापूरच्या खुणा

ब्रिटिश काळातील इशापूर रायफलीवर मुकुटाखाली 'जी.आर.आय.' ही अक्षरे असतात. शेवटचे 'आय' हे सम्राट या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे आद्याक्षर आहे. इंग्लंडमधील रायफलीवर केवळ 'जी.आर.' असते. या एका अक्षरावरून भारतीय बॉडी दुरूनही ओळखता येते. त्याखाली 'इशापूर' हे नाव व वर्ष येते. स्वातंत्र्यानंतर मुकुटाची जागा अशोकस्तंभावरील सिंहांनी घेतली आणि 'आर.एफ.आय.' ही अक्षरे आली.

मालकीची खूण वेगळी असते. बाणाचे टोक हे ब्रिटिश सरकारी मालमत्तेचे चिन्ह. बाणाखाली 'आय' असेल तर रायफल भारत सरकारची, दोन 'डी' अक्षरांच्या मध्ये बाण असेल तर ऑस्ट्रेलियाची. 'सी'मध्ये बाण असेल तर कॅनडाची. दोन बाणांची टोके एकमेकांना भिडलेली असतील तर ती वस्तू सरकारी सेवेतून विकली गेल्याचे कळते. म्हणजे एनफील्डच्या नावाखाली बाण व 'आय' दिसला, तर रायफल इंग्लंडमध्ये बनून भारताच्या सेवेत आली असा अर्थ होतो. निर्माता आणि मालक यांच्या खुणा वेगळ्या वाचणे हा या अभ्यासाचा पहिला धडा आहे.

भारतात वापरलेल्या रायफलींची आणखी काही वैशिष्ट्ये आहेत. पुढचे लाकूड चिरू नये म्हणून त्यातून आडवा स्क्रू घालीत. त्याला संग्राहक 'इशापूर स्क्रू' म्हणतात. हातबाँब फेकण्यासाठी वापरलेल्या रायफलींच्या पुढील भागावर तांब्याच्या तारेचे वेढे असतात. दमट हवेत गंज चढू नये म्हणून धातूवर काळा रंग दिलेला असतो. हा रंग कोकणासारख्या खाऱ्या हवेच्या प्रदेशात उपयुक्त असला, तरी त्याखाली खुणा बुजून जातात. 'डी.पी.' ही अक्षरे केवळ कवायतीसाठी राखून ठेवलेल्या रायफलीवर असतात. तिच्यातून गोळी झाडणे धोक्याचे असते.

इशापूर येथे काही .३०३ रायफलींचे .४१० बोअरच्या, आटे नसलेल्या नळीच्या मस्केटमध्ये रूपांतर झाले. त्या पोलीस व पहारेकऱ्यांसाठी होत्या. त्यांत एका वेळी एकच काडतूस भरता येते आणि मॅगझीनची जागा लाकडी ठोकळ्याने बुजविलेली असते. बॉडीवर जुनी खूण तशीच राहिल्याने अशी मस्केट .३०३ म्हणून नोंदली जाण्याची चूक संभवते.

१९६२च्या चीन युद्धानंतरच्या काळात इशापूरने ७.६२ मिमी काडतुसाची 'रायफल २ए' बनविली. ती दिसायला नंबर १ सारखीच असली तरी नव्याने, अधिक मजबूत पोलादाची घडविलेली आहे, जुन्या.३०३चे ते रूपांतर नव्हे. तिचे मॅगझीन अधिक कोनदार असते. २ए नमुन्याच्या नेमपट्टीवर २००० यार्डांपर्यंत खुणा असतात, तर '२ए१' नमुन्यावर ८०० मीटरपर्यंत.

काडतुसांवरील खुणा

रायफलीबरोबर सापडणाऱ्या काडतुसांच्या बुडावरही निर्माताखुणा असतात आणि येथे महाराष्ट्राचा वाटा थेट आहे. पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९मध्ये सुरू झाला. त्याच्या .३०३ काडतुसांच्या बुडावर 'के' व 'एफ' ही अक्षरे, त्यांच्यामध्ये बाण, वर्षाचे आकडे आणि रोमन आकड्यात नमुना असतो. 'सात' हा नमुना टोकदार गोळीचा, १९१०पासूनचा. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव कारखाना १९६०च्या दशकातील असून त्याची खूण 'ओ.एफ.व्ही.' अशी आहे. काडतुसाचे वर्ष आणि रायफलीचे वर्ष यांचा संबंध असेलच असे नाही; एकाच पेटीत सापडली म्हणून दोन्ही एकाच काळातील ठरत नाहीत.

जुळणी आणि सुरक्षितता

नमुन्यानुसार व गेजने तपासून बनविल्यामुळे या रायफलीचे बहुतेक लहान भाग परस्परांच्या जागी बसतात. बोल्ट मात्र याला अपवाद आहे. तो ज्या बॉडीत बसवायचा, तिच्याशी घासून जुळविला जातो. म्हणूनच त्याच्यावर बॉडीचा क्रमांक ठोकतात. बोल्टचे पुढचे टोक व काडतुसाचे बूड यांतील अंतर ठरावीक मर्यादेपेक्षा वाढले, तर काडतुसाचे पितळ फाटून तप्त वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. नंबर ४ रायफलीत हे अंतर राखण्यासाठी ०, १, २ आणि ३ अशा चार मापांची बोल्टटोके आहेत. त्यावरील आकडा मापाचा असतो, निर्मात्याचा नव्हे. बॉडी आणि बोल्टचे क्रमांक वेगळे असलेली रायफल प्रशिक्षित शस्त्र-कारागिराने गेजने तपासल्याखेरीज वापरू नये.

खुणांच्या वाचनाचे उदाहरण

पुढील रायफल काल्पनिक आहे, परंतु असे मिश्रण प्रत्यक्षात विरळ नाही. बट सॉकेटवर 'जी.आर.आय., इशापूर, १९४२', बोल्टवर बॉडीचाच क्रमांक, पण जुना क्रमांक रेघेने खोडलेला, नोजकॅपवर 'एम.ए.', लाकडात आडवा स्क्रू, नळीवर 'आर.एफ.आय.'. यावरून पुढील क्रम निघतो. बॉडी १९४२ची व भारतीय आहे. बोल्ट मूळचा दुसऱ्या रायफलीचा असून कारखान्यात किंवा सरकारी दुरुस्तीशाळेत जुळवून त्यावर नवा क्रमांक ठोकला आहे. नोजकॅप लिथगोची आहे. नळी स्वातंत्र्यानंतर बदललेली आहे. अशा रायफलीची 'इशापूर, १९४२' अशी एका ओळीची नोंद अपुरी ठरते. तिला 'बनावट' म्हणणेही तितकेच चुकीचे आहे. एनफील्ड किंवा लिथगो येथे पूर्ण दुरुस्ती झालेल्या रायफलींवर 'एफ.टी.आर.' व वर्ष असते. तेथेही मिश्र भाग हा रीतसर सेवेचाच पुरावा असतो.

खरी फसवणूक वेगळ्या प्रकारची असते. दुर्मीळ नाव उमटविण्यासाठी बट सॉकेट घासून पातळ केलेले असते; अक्षरांच्या कडा नव्या व धारदार दिसतात; किंवा साध्या नंबर ४ रायफलीवर दुर्बीण बसवून ती नेमबाजाची असल्याचे सांगितले जाते. खऱ्या नेमबाज रायफलीवर बॉडीच्या डाव्या बाजूस 'टी' हे अक्षर, हॉलंड अँड हॉलंड कंपनीने रूपांतर केले असल्यास दस्त्याच्या खाली 'एस ५१' आणि दस्त्याच्या मनगटावर दुर्बिणीचा क्रमांक असतो. केवळ दुर्बिणीसाठीची छिद्रे हा पुरावा नव्हे.

कायदेशीर स्थिती

भारतात शस्त्र अधिनियम १९५९ व त्याखालील नियमांनुसार .३०३ व ७.६२ मिमी बोअरच्या रायफली, तसेच .४१० मस्केट या निषिद्ध वर्गात मोडतात. कोकणात पिकांच्या रक्षणासाठी परवान्यावर बाळगल्या जाणाऱ्या ठासणीच्या व काडतुसी बंदुका यांपेक्षा वेगळ्या होत. इशापूरची .३१५ बोअरची शिकारी रायफल ली-एनफील्डच्याच बोल्टरचनेवर आधारलेली आहे; ती नागरी परवान्यावर मिळू शकते. त्यामुळे रूपसाम्यावरून तिला .३०३ समजणे किंवा त्याउलट चूक करणे परवानाधारकाला अडचणीत आणू शकते. परवान्यावर शस्त्राचे वर्णन व क्रमांक असतात. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करताना त्यांचीच पडताळणी होते. हा क्रमांक तपासनिसाच्या शिक्क्यावरून किंवा बदललेल्या भागावरून न घेता बॉडीवरूनच घ्यावा. दुरुस्त करूनही झाडता न येणाऱ्या, पुरातन मूल्याच्या शस्त्रांना अधिनियमाच्या कलम ४५मध्ये सूट आहे. परंतु चालू स्थितीतील ली-एनफील्ड केवळ जुनी आहे म्हणून या सवलतीत बसत नाही.

नोंद व जतन

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय आणि कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालय येथे शस्त्रांचे संग्रह आहेत. अशा संग्रहांतील कारखानी शस्त्रांची नोंद करताना प्रत्येक भागाची खूण, तिची जागा आणि क्रमांक वेगळे लिहावेत व तिरप्या प्रकाशात छायाचित्रे घ्यावीत. खुणेवर खडू फिरविल्यास अक्षरे उठून दिसतात. सँडपेपर, लोखंडी ब्रश किंवा तीव्र आम्लाने सफाई करू नये. त्यामुळे उथळ शिक्के कायमचे नाहीसे होतात. रायफल 'मूळ रूपात' आणण्यासाठी वेगळ्या कारखान्याचे भाग काढून टाकणेही टाळावे. सेवेतून बाद झालेली शस्त्रे सामान्यतः नष्ट केली जातात. त्यामुळे कोणत्या रायफलीने कोठे सेवा केली, ती कोठे दुरुस्त झाली आणि कोणाच्या मालकीत फिरली याचा बराचसा पुरावा उरलेल्या नमुन्यांवरील या लहान खुणांतच शिल्लक आहे.